पिकअपवाल्याचा जबाब

आपल्या गाडीला कोणी मागून ठोकलं तर राग येतो. मलाही आला, पण तो दहा मिनिटंच टिकला. पुढचे पंधरा दिवस मला त्या ठोकणाऱ्याचा हेवा वाटत होता. हेवा हे माझं जुनं दुखणं आहे. शेजाऱ्याच्या आंब्याला आमच्या आंब्यापेक्षा जास्त मोहोर आला तरी माझ्या पोटात दुखतं. ऑफिसात माझ्यामागून लागलेल्या एकाची बदली त्याच्या गावाजवळ झाली, तेव्हा निरोप समारंभात मी त्याच्यावर चांगलं लांबलचक भाषण केलं आणि घरी येऊन जेवलो नाही. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते कोणा भल्या माणसाचं सांगणं आहे असं समजू नका.

चतुर्थी होती. मी, बायको आणि बाबा, असे तिघं यवतमाळहून कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. देऊळ खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात, आणि बाबांचे गुडघे आता पायऱ्यांचं नाव काढू देत नाहीत. ते गाडीत बसूनच हात जोडतात. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली सावली बघून मी गाडी लावली, काचा खाली केल्या, बाबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही दोघं खाली गेलो. गर्दी होती, अर्धा-पाऊण तास लागला.

वर आलो तर गाडीमागे पंधरा-वीस माणसं उभी. कापसानं गच्च भरलेला एक पांढरा पिकअप आमच्या गाडीच्या बुडाशी येऊन थांबला होता. उजवा मागचा दिवा फुटून त्याचे लाल तुकडे मातीत पडले होते, बंपर एका बाजूनं निखळला होता आणि डिकीचं झाकण आत दबलं होतं. मी नारळाची पिशवी बायकोच्या हातात देऊन पुढे पळालो. बाबांकडचं दार उघडं होतं. दारापाशी तिशीतला एक माणूस उकिडवा बसला होता, त्याच्या एका हातात चहाचा कागदी पेला होता. दुसरा पेला बाबांच्या हातात होता आणि बाबा हसत होते.

बाबांना हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला तिथं उभ्या उभ्या आठवेना.

"बाबा, लागलं का कुठं?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या माणसाला म्हणाले, "याले सांगा, काही नाही झालं मले."

"काही नाई झालं काकाजीले," तो उठून मला म्हणाला. "चूक माही हाय, भाऊ. रिव्हर्स घेऊन राह्यलो होतो, मांगं कापसाच्या पालानं काही दिसेच ना. काकाजी बसेल होते ते तं मले धडकल्यावर समजलं. जे लागन ते मी करून देतो."

आता हे 'याले सांगा' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. आमच्या घराची ती पद्धतच आहे. आजोबा बाबांशी बोलत नसत, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी शाळेत होतो तेव्हा समोर उभा असायचो आणि बाबा आईला म्हणायचे, "त्याले म्हणा, सायकल आत घे." आई माझ्याकडे वळायची आणि तेच वाक्य जरा मऊ करून मला द्यायची. नापास होता होता वाचलो तेव्हाचं बोलणंही आईच्याच मार्फत झालं, आणि नोकरी लागल्याचा आनंदही तिच्याच मार्फत. "तुमच्या घराण्यात सगळं लेकी बोले सुने लागे," असं ती वैतागून म्हणायची. सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि मधलं माणूसच संपलं. सुनेशी बाबा जेवणापाण्यापुरतं बोलतात, ते जुन्या वळणाचे आहेत. त्यामुळे घरात बोलणं असं उरलं नव्हतं. संध्याकाळी मी ऑफिसातून उशिरा यायचो, बाबा व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर असायचे, मी चप्पल काढून आत जायचो. सहा वर्षं असंच चाललं होतं.

आणि इथे एक अनोळखी माणूस अर्ध्या तासात त्यांना हसवून बसला होता. राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं ते मी लगेच ओळखलं, कारण ते माझ्या ओळखीचं आहे.

बघ्यांनी नेहमीचा सल्ला दिला, आपसात मिटवून टाका. कळंब-राळेगावकडे असंच चालतं. चहा पाजायचा, हात मिळवायचा, ज्याची चूक त्यानं दिवा बसवून द्यायचा. मीही कदाचित तेच केलं असतं. पण मला त्या माणसाचा दिवा नको होता. मी खिशातून पॉलिसी नंबर काढला, विमा कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. क्लेम नोंदवला गेला. पलीकडच्या बाईनं तीन गोष्टी सांगितल्या. फोटो काढा, आमचा सर्व्हेअर गाडी पाहील तोवर दुरुस्तीला हात लावू नका, आणि तुमची चूक नसली तरी भरपाई तुमच्याच पॉलिसीतून होईल, म्हणजे पुढच्या हप्त्यातली सूट, नो क्लेम बोनस, जाईल.

हे मी सांगितल्यावर बाबा ताठ बसले. बाबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांना नियम मोडलेला चालत नाही, आणि चुकीचा नियम तर मुळीच चालत नाही.

"चूक नसून बोनस जाते?" ते त्या माणसाला म्हणाले. "मंग तुमचा जबाब लेखी पाहिजे. चूक तुमची होती असा. फाइलले लावू. असा रस्त्यावर नाही होत जबाब. घरी या यवतमाळले, नीट लिहू."

"येतो न, काकाजी," तो म्हणाला. राळेगावच्या पलीकडचं त्याचं गाव, कापूस घेऊन यवतमाळला त्याच्या खेपा चालूच होत्या. त्यानं बाबांच्या पाया पडून नमस्कार केला. माझ्याशी हात मिळवला. त्याचा हात खरबरीत आणि गरम होता, आणि मला तोही आवडला नाही.

तो तिसऱ्याच दिवशी आला. मी ऑफिसातून येऊन पाहतो तर दारात पिकअप उभा. व्हरांड्यात बाबांच्या खुर्चीला खुर्ची लावून तो बसलेला, मध्ये स्टुलावर तुरीच्या हिरव्या शेंगांचं टोपलं. दोघं शेंगा सोलत होते. त्या शेंगा त्यानं आणल्या होत्या, त्याच्या शेतातल्या. बाबांच्या मांडीवर फुलस्केप कागद, त्यावर एकच ओळ: 'मी खाली सही करणार, राहणार अमुक, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ, लिहून देतो की'. 'की'च्या पुढे कोरं होतं. गाव कोणतं विचारता विचारता राळेगाव निघालं होतं, आणि राळेगाव निघाल्यावर जबाब मागे पडला होता. बाबा चार वर्षं राळेगावला होते, मी दहा ते चौदा वर्षांचा असताना. आई आणि मी यवतमाळला, माझ्या शाळेसाठी, आणि ते तिकडे एका खोलीत एकटे.

"बसस्टँडच्या मांगं खोली होती माही," ते त्याला सांगत होते. "स्टोव्हवर भात टाकायचो आणि आंघोळीले जायचो. रोज करपायचा."

"अजून हाय ते चाळ, काकाजी. आता खाली मोबाइलचं दुकान हाय."

मला त्या खोलीबद्दल काडीची माहिती नव्हती. बाबांचा भात करपायचा हेही मला माहीत नव्हतं. मी आत गेलो. बायको चहा करत होती, दाट दुधाचा, वेलची घालून.

"माझ्या चहात कधी वेलची घालत नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही कधी सांगता का?" ती म्हणाली. "आणि ऐका, मामाजी आज दुपारी दोनदा विचारत होते, किती वाजले म्हणून. तो यायचा होता ना."

माझ्या येण्याची वेळ बाबांनी कधी कोणाला विचारली असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी जबाब अर्धाच झाला. मग तो पुन्हा आला, मग पुन्हा. एक पान लिहायला बाबांना तीन संध्याकाळी लागल्या. 'वाहन मागे घेत असताना' लिहिलं की राळेगावच्या बाजारात बैलगाडी मागे घेणाऱ्या कुणाची तरी गोष्ट यायची, आणि 'रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या' म्हटलं की कोणता रस्ता आधी कच्चा होता यावर दोघांची चर्चा. बाबा एवढं बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं. आवाज जरा बसायचा, मग घोटभर पाणी पिऊन पुन्हा सुरू.

मी मात्र एक केलं. तो येणार असायचा त्या दिवशी ऑफिसातून वेळेवर निघू लागलो. का, तर पहारा द्यायला. समोरच्या खोलीत, व्हरांड्याकडे दार उघडं ठेवून, पेपर घेऊन बसायचो. आपल्या घरात आपल्या बापाशी कोण काय बोलतो हे आपल्याला कळायला नको का? बायकोनं पहिल्या दिवशी "आज लवकर?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या माणसावर एवढं जळायला काय झालं तुम्हाला? एवढं वाटतं तर खुर्ची घेऊन त्यांच्यात बसा." मला ते जमलं नसतं. बाबांशेजारी मी कधी खुर्ची टाकून बसलो नव्हतो.

जबाबाच्या दुसऱ्या संध्याकाळी ते घडलं. बाबा लिहिता लिहिता थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्याला म्हणाले, "राळेगावले असतानाची एक गोष्ट सांगतो."

"सांगा न."

"माह्या पोराचं बक्षीस होतं शाळेत. निबंधाचं. पहिलं. घरून पोस्टकार्ड आलतं. साहेबानं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. दुपारची एसटी पाहत बसलो, तं एसटीच नाही आली. मंग सायकल काढली आणि कळंबपर्यंत हाणली."

"बाप रे. त्या वक्ताचा रस्ता कसा होता तो."

"गोटेच गोटे. कळंबले पानठेल्यावर सायकल ठेवली आणि एका ट्रकवर चढलो. यवतमाळले शाळेत पोचलो, तं मंडपवाला खुर्च्या उचलून राह्यला होता. सगळं झालं होतं."

"मंग घरी गेले असान."

"नाही गेलो. काय सांगतो घरी जाऊन? तसाच परत फिरलो. कोनालेच नाही सांगितलं. याच्या आईलेही नाही."

तो माणूस शेंग सोलता सोलता थांबला.

मी पेपर धरून बसलो होतो. तो दिवस मला चांगला आठवतो. आई पहिल्या रांगेत होती आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मला कंपासपेटी मिळाली होती. मित्रांना मी सांगितलं होतं की बाबा दौऱ्यावर आहेत, आणि घरी येऊन ठरवलं होतं की या माणसाला आपल्याशी काही देणंघेणं नाही. तेव्हापासून आजवर मी ते ठरवलेलं मोडलं नव्हतं. आमच्यातल्या सगळ्या न बोलण्याच्या बुडाशी तीच रिकामी खुर्ची होती.

दुसरा कोणी असता तर त्याचा ऊर भरून आला असता. माझा जळला. बक्षीस माझं, दिवस माझा, इतकी वर्षं सलत राहिलेलं ते माझं, आणि ते उघडून कोणासमोर ठेवलं? तुरीच्या शेंगा घेऊन आलेल्या, आमची डिकी चेपवणाऱ्या माणसासमोर. मी पेपर खाली टाकला, आत गेलो आणि बेडरूमचं दार जरा जोरात लावलं. त्या रात्रीची भाकरी मला गोड लागली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी जबाब पक्का झाला. बाबांनी तो समास सोडून, ओळ सरळ धरून, नव्या कागदावर उतरवला. सही तेवढी बाकी ठेवली. सही सर्व्हेअरसमोर व्हायची, असं बाबांनी ठरवलं. गुरुवारी सर्व्हेअर येणार होता. पिकअपही घेऊन या, दोन्ही गाड्या पाहू द्या त्याले, असं बाबांनी त्याला बजावलं. मग खिशातलं निबवालं पेन काढून त्याच्या हातात दिलं. "सही याच पेनानं करायची. घेऊन जा, हात बसवून पाहा." लहानपणी त्या पेनाला मी एकदा हात लावला होता, तर आईमार्फत मला आठवडाभर ऐकावं लागलं होतं. तो कागदाच्या तुकड्यावर आपलं नाव चार वेळा लिहून पाहत होता आणि बाबा वाकून पाहत होते.

तिथं माझं डोकं फिरलं. हिशोब सरळ होता. गाडी फुटकी आहे तोवर जबाब आहे, जबाब आहे तोवर हा येतो. गुरुवारी येईल, मग कंपनीचं पत्र आलं का विचारायला येईल, मग शेंगा संपल्या म्हणून येईल.

मंगळवारी सकाळी मी गाडी घेऊन निघालो आणि ऑफिसऐवजी ओळखीच्या डेंटरकडे गेलो. तो शहाणा माणूस आहे. त्यानं डिकीवर हात फिरवला, निखळलेला बंपर हलवून पाहिला आणि आधी हेच विचारलं, "क्लेममध्ये आहे का? सर्व्हे झाला?"

"झाला," मी म्हणालो.

"फुटका दिवा ठेवायचा का? पुष्कळ वेळा मागतात."

"फेक."

"एकदा विचारून घ्या, भाऊ. मी उघडलं की मग काही दाखवता येत नाही."

"उघड," मी म्हणालो.

घरी मी सांगितलं की गाडी ऑफिसातच ठेवली आहे. बाबांनी सुनेला विचारलं, "गाडी दिसत नाही?" तिनं माझं उत्तर त्यांना दिलं. बुधवारी अंधार पडल्यावर मी गाडी आणून दारात लावली, मागची बाजू भिंतीकडे करून. डिकी सरळ झाली होती, रंग चमकत होता, दिवा नवा होता. मनात आलं की सुटलो. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी आनंदात होतो.

गुरुवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. जबाब प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होता. पिकअपवाला वेळेवर आला. त्यानं पिकअप धुतला होता, स्वतःही धुतलेला शर्ट घातला होता आणि पेन रुमालात गुंडाळून आणलं होतं. सर्व्हेअर खांद्याला बॅग लावून आला, शांत माणूस होता. मी गाडी भिंतीपासून पुढे घेतली.

"कुठं लागली आहे?" त्यानं विचारलं.

"ते काय, मांगं," बाबा काठी टेकत उतरले. गाडीच्या मागे गेले आणि थांबले. मग त्यांनी डिकीवर हात फिरवला. एकदा, दोनदा. जिथं खड्डा होता तिथं बोटं थांबवली. तिथं काहीच नव्हतं.

सर्व्हेअरनं नखानं रंग खरवडून पाहिला. "हे ताजं काम आहे. दुरुस्तीआधी गाडी दाखवायची असते. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"जुने पार्ट आहेत?"

"नाहीत."

"फोटो?"

मी मोबाइल दिला. मी घाईत दोनच फोटो काढले होते, आणि एकात निम्मी जागा बघ्यांनी अडवली होती. त्यानं ते मोठे करून पाहिले आणि मोबाइल परत दिला. "एवढ्यावर मी काय लिहू? गाडी मी पाहिलीच नाही असंच लिहावं लागेल. मग क्लेम टिकत नाही."

बाबांनी फोल्डर पुढे केलं. "जबाब आहे. चूक यांची होती असा. फक्त सही राह्यली."

सर्व्हेअरनं तो पूर्ण वाचला. घाई केली नाही. "काका, इतका चांगला लिहिलेला जबाब मी कधी पाहिला नाही," तो म्हणाला. "पण जबाबाला गाडी लागते." फोल्डर त्यानं दोन्ही हातांनी परत दिलं आणि चहा न घेता गेला.

पिकअपवाला माझ्याकडे आला. "भाऊ, क्लेम गेला तं जाऊ द्या. डेंटरचं जे लागलं ते मी देतो. चूक माहीच हाय."

"त्याची गरज नाही," मी म्हणालो. "तुमचं काम झालं आता."

त्याला ते समजलं. त्यानं रुमालातून पेन काढून बाबांना दिलं, पाया पडला आणि पिकअप घेऊन निघून गेला. जाताना या वेळी त्यानं काळजीपूर्वक मागे पाहून गाडी वळवली. बाबा फोल्डर छातीशी धरून फाटक लागेपर्यंत उभे होते. मग माझ्याकडे एकदा बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं. कचेरीत चाळीस वर्षं लोकांचे खोटे अर्ज वाचलेला माणूस तो. मी मान खाली घातली.

आता मैदान मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेळेवर घरी आलो आणि पेपर घेऊन समोरच्या खोलीत बसलो. दार उघडं ठेवलं. बाबा व्हरांड्यात होते, शेजारची खुर्ची रिकामी होती. ते रस्त्याकडे पाहत बसले, मी पेपर वाचत बसलो. दिवे लागले, ते उठून आत आले, जेवले आणि झोपले. तिसऱ्या दिवशीही तेच, पाचव्या दिवशीही तेच. बायको ताट उचलताना मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मामाजींनी आज पुन्हा अर्धीच भाकरी खाल्ली."

रविवारी सकाळी टोपल्यातल्या राहिलेल्या शेंगा बाबा सोलत बसले होते. त्या वाळत आल्या होत्या. मला राहवलं नाही. मी व्हरांड्यात गेलो, उभ्यानेच बोललो, आणि माझा आवाज चांगला नव्हता.

"त्याला सगळं सांगितलं तुम्ही. खोली, भात, सायकल. माझ्या बक्षिसाचं सांगितलं. मला एवढ्या वर्षांत एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

बाबांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे ताटलीत टाकले. मग आयुष्यात कदाचित दुसऱ्या-तिसऱ्यांदा थेट माझ्याकडे पाहून बोलले.

"त्याले काय करायचं होतं तुह्या बक्षिसाशी?"



"तू बसत होता न आतमधी पेपर घेऊन," ते म्हणाले. "तासभर एकच पान. पलटवत नव्हता." एवढं बोलून ते पुन्हा शेंगांकडे वळले, आणि मला कळलं की यापुढे ते काही बोलणार नाहीत. त्यांना जेवढं थेट जमतं तेवढं झालं होतं.

मी आत येऊन फोन शोधला. नंबर होता, क्लेमसाठी घेतलेला. त्या माणसाबद्दल अजूनही माझ्या मनात बरं नव्हतं आणि आजही फारसं नाही, कारण जे मी करू शकत नाही ते तो नुसता खुर्ची ओढून करतो.

"बोला, भाऊ," तो म्हणाला. मागे शेतात कोणीतरी बैलाला हाक देत होतं.

"तुमची सही राहिली आहे जबाबावर."

तो गोंधळला. "पन भाऊ, क्लेम तं गेला नं?"

"क्लेम गेला. जबाब राहिला. बाबांचा अर्धवट कागद फाइलला राहत नाही. कधी येता?"

तो मंगळवारी आला. बायकोनं वेलचीचा चहा दोनऐवजी तीन कप केला. बाबांनी फोल्डर काढलं, पेन काढलं आणि सहीची जागा दाखवायच्या आधीच म्हणाले, "हे सायकल कळंबले पानठेल्यावर राह्यली होती न, तिचं पुढं काय झालं ते राह्यलंच सांगायचं." मी समोरच्या खोलीतली खुर्ची उचलून व्हरांड्याच्या दारापर्यंत आणली. पेपर मात्र हातात ठेवला. तो समोर नसता तर बाबा बोलले नसते. पान मी पलटवलं नाही.